‘झी’ म्हणजे नेमके कोण? एका हँडओव्हरचे प्रकरण

जुलै महिन्यातील एका कडक उन्हाच्या दुपारी, दक्षिण जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यातल्या एका वृद्धनिवासात, सकाळची पाळी संपवणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीने दुपारच्या पाळीतील सहकाऱ्यांना एका आजींबद्दल सूचना दिली. तिने ती दिली, हे मी आज खात्रीने सांगू शकते. आणि ती कोणापर्यंतही पोहोचली नाही, हेही तितकेच खरे आहे. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, जेवणाच्या टेबलावर, त्या आजी असंबद्ध बोलू लागल्या, उठताना त्यांचा तोल गेला आणि डॉक्टरांना बोलवावे लागले. उन्हाने आणि कमी पाणी प्यायल्याने शरीर कोरडे पडले होते. दुसऱ्या दिवशी त्या सावरल्या. परंतु दुपारी दीड ते संध्याकाळी साडेसहा या पाच तासांत जे हरवले त्याचा शोध मला घ्यावासा वाटला, कारण त्या विद्यार्थिनीला जर्मन मी शिकवले होते, आणि तिने उच्चारलेले वाक्य व्याकरणाच्या कोणत्याही कसोटीवर निर्दोष होते. हे टिपण तिच्या संमतीने लिहिले आहे. तिचे नाव, संस्थेचे नाव आणि गाव वगळले आहे.

विद्यार्थिनी सातारा जिल्ह्यातली. बारावीनंतर पुण्यात येऊन तिने जवळजवळ दीड वर्षात बी-टू, म्हणजे वरच्या मध्यम पातळीपर्यंत जर्मन पूर्ण केले आणि परिचर्येच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी, म्हणजे तिकडे ज्याला ‘आउसबिल्डुंग’ म्हणतात त्यासाठी, ती जर्मनीत गेली. १ जानेवारी २०२० पासून तेथे रुग्णपरिचर्या, बालपरिचर्या आणि वृद्धपरिचर्या यांचे वेगवेगळे अभ्यासक्रम एकत्र आणणारा नवा कायदा लागू झाला आहे. त्यानुसार या प्रशिक्षणात किमान २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामात घालवावे लागतात. याचा अर्थ असा की निम्म्याहून अधिक शिक्षण माणसांच्या अंगाखांद्याशी, त्यांच्या औषधपाण्याशी आणि सहकाऱ्यांच्या घाईगर्दीतील बोलण्याशी थेट जोडलेले असते. महाराष्ट्रातून या वाटेने जाणाऱ्यांची संख्या वाढत आहे. मुंबई आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्गची राजधानी श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने याच राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. म्हणून हे प्रकरण एका मुलीपुरते राहत नाही, असे मला वाटते.

निवासात पहिल्याच दिवशी तिला सांगण्यात आले, ‘वीर झिंट हीअर आलं पर दू’, म्हणजे इथे आपण सगळे एकमेकांना ‘दू’ म्हणतो. जर्मनमध्ये ‘दू’ हे आपल्या ‘तू’च्या जवळचे आणि ‘झी’ हे ‘तुम्ही’च्या जवळचे, हे आम्ही पहिल्या महिन्यातच शिकवतो, एक तक्ता फळ्यावर काढतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. ‘दू’ म्हणण्याची मुभा वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाने द्यायची असते, हेही सांगतो. न सांगितलेली गोष्ट अशी की ती मुभा मिळाल्यावर नाकारणे किंवा टाळणे यालाही तेथे अर्थ असतो: हा माणूस आपल्यात यायला तयार नाही. विभागप्रमुख बाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या, म्हणजे विद्यार्थिनीच्या आईपेक्षाही बऱ्याच मोठ्या. त्यांना एकेरी हाक मारणे तिच्या जिभेला जमेना. मराठीत ‘तू’ आपण आईला म्हणतो, देवाला म्हणतो, वारीत विठ्ठलाला तर हक्काने म्हणतो. पण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात वरिष्ठ बाईंना नाही. तिने तोडगा काढला तो असा, की हाक मारणेच टाळायचे. ‘तू हे करशील का’ऐवजी ‘हे करता येईल का’, ‘मला दाखव’ऐवजी ‘हे बघायला आवडेल’. कर्ता पुसून टाकलेली ही जर्मन भाषा तिला इतकी सफाईने येऊ लागली की तिच्याबरोबरच्यांना ती फार सभ्य आणि थोडी दूरची वाटत असे.

निवासातील वृद्धांच्या बाबतीत उलट अडचण होती. तेथे ‘झी’ सक्तीचे, आणि हाक ‘फ्राउ’ किंवा ‘हेर’, म्हणजे श्रीमती किंवा श्री, लावून आडनावाने. त्यांना ‘ओमा’, म्हणजे आजी, म्हणू नये, असे प्रशिक्षणात निक्षून सांगितले जाते, कारण कोणा परक्या प्रौढ स्त्रीला नात्याच्या नावाने हाक मारणे म्हणजे तिचे स्वतःचे नाव आणि आयुष्य काढून घेणे, असे तेथे मानले जाते. मला हा नियम पटतो. पण आपल्याकडून गेलेल्या मुलीसाठी त्याचा परिणाम काय होतो, याचा विचार कोणी केलेला नसतो. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनाही ‘आजी, बसा’ म्हणतात, आणि त्या एका शब्दात आदर, माया व मदतीची तयारी एकत्र असते. तो शब्द काढून घेतल्यावर तिच्याकडे आदर दाखवण्यासाठी उरले काय? उरले ते व्याकरण.

आता त्या दुपारकडे येऊ. ‘यूबरगाबं’ म्हणजे पाळी बदलताना माहिती सोपवणे, आपल्या रुग्णालयांतील परिचारिका ज्याला हँडओव्हर म्हणतात ते. वीसेक मिनिटांत पंधरा-सोळा वृद्धांची माहिती सांगायची असते. विद्यार्थिनी पहिल्या वर्षाला असल्याने तिच्यावर स्वतंत्र जबाबदारी नव्हती. सकाळी ज्या तिघांची देखभाल तिने केली होती त्यांच्याबद्दल तिने बोलायचे आणि अनुभवी परिचारिकेने भर घालायची, अशी पद्धत होती. बारा नंबरच्या खोलीतील आजींनी सकाळपासून जेमतेम साडेतीनशे मिलिलिटर पाणी घेतले होते. दिवसाचे ठरलेले प्रमाण एक हजार तीनशे होते. पाण्याच्या नोंदतक्त्यावर तिने हे आकडे नीट लिहिलेही होते. तिने त्या आजींचे आडनाव घेऊन सुरुवात केली, तेवढ्यात तेरा नंबरमधील दांपत्याच्या मुलाचा फोन आला, अनुभवी परिचारिका तो घ्यायला बाहेर गेल्या, आणि दुपारच्या पाळीतील एकाने त्या दांपत्याबद्दल काहीतरी विचारले. त्याचे उत्तर देऊन ती पुन्हा मूळ मुद्द्याकडे आली आणि म्हणाली:

‘झी हाबन हॉयटं वेनिश गेट्रुंकन, मान म्युस्टं फिलाइश्ट नॉख एट्वास आनबीटन.’

तिच्या मनात याचे मराठी असे होते: ‘त्या आज फार कमी पाणी प्यायल्या आहेत, त्यांना अजून थोडे द्यायला हवे.’ ऐकणाऱ्यांनी मात्र ऐकले: ‘ते सगळे आज कमी प्यायले आहेत, काहीतरी द्यायला हवे बहुधा.’ बाहेर पारा पस्तिशीकडे गेलेला. उन्हाळ्यात वृद्ध कमी पाणी पितात, हे तर सगळ्यांना ठाऊकच होते. एकाने मान डोलावली, दुसरीने ‘हो ना, काय हा उकाडा’ अशा अर्थाचे काहीतरी म्हटले, आणि चर्चा चौदा नंबरच्या खोलीकडे गेली.

या वाक्यातील ‘झी हाबन’ हे दोन शब्द प्रकरणाचा गाभा आहेत. जर्मनमध्ये ‘झी’ या एकाच उच्चाराचे तीन सर्वनामांसाठी काम असते: ‘ती’, ‘ते सर्व’ आणि आदरार्थी ‘तुम्ही’. लिहिताना तिसऱ्याचे आद्याक्षर मोठे असते; बोलताना फरक फक्त क्रियापदावरून कळतो. एका स्त्रीबद्दल बोलायचे तर ‘झी हाट’, अनेकांबद्दल बोलायचे तर ‘झी हाबन’. विद्यार्थिनीला हे पक्के माहीत होते. तिने परीक्षेत ते शंभरदा बरोबर लिहिले होते. पण मराठी माणूस समोर नसलेल्या आदरणीय व्यक्तीबद्दलही अनेकवचनात बोलतो. ‘आई आली’ पण ‘बाबा आले’. शेजारची मुलगी ‘आली’ पण शाळेतल्या बाई ‘आल्या’. स्वतःच्या आजीला आपण ‘ती’ म्हणू, पण परक्या वृद्ध बाईंना ‘त्या’. हे आपल्या व्याकरणात इतके खोल मुरलेले आहे की कोणा वडीलधाऱ्या बाईंबद्दल चारचौघांत ‘ती’ म्हटले तर ऐकणाऱ्याला ते खटकते. जर्मनमध्ये आदर फक्त समोरच्याशी बोलताना असतो. तिऱ्हाइताबद्दल बोलताना राष्ट्राध्यक्षही एकवचनी. दमलेली, घाईत असलेली, एकदा मध्ये थांबवली गेलेली ही मुलगी त्या क्षणी जर्मन शब्दांत मराठी आदर बोलली. आणि त्या आदराने एका आजींना साऱ्या मजल्यावर वाटून टाकले.

वाक्याच्या उत्तरार्धाने उरलेसुरले काम केले. ‘मान’ म्हणजे कोणीतरी, कोणीही; ‘म्युस्टं’ म्हणजे करायला हवे खरे तर; ‘फिलाइश्ट’ म्हणजे कदाचित. या तीन शब्दांची रास मीच तिला ‘विनम्र जर्मन’ म्हणून दिली होती. आम्ही शिकवतो की आज्ञार्थ कठोर वाटतो, त्याऐवजी संकेतार्थ वापरावा. कॉफी मागताना, रस्ता विचारताना, घरमालकाला पत्र लिहिताना हे योग्यच आहे. मात्र ‘मान म्युस्टं’ने सुरू होणारी सूचना कोणीच अमलात आणत नाही, हे जर्मन लोक स्वतःही एकमेकांना हसून सांगतात. मराठीत ‘थोडं पाणी द्यायला हवं’ हे वाक्य वरच्या माणसाला काम सांगण्याची सर्वमान्य, सौम्य रीत आहे. ऐकणारा उठतो आणि पाणी देतो, कारण कर्ता कोण हे बसण्याच्या जागेवरून, वयावरून, नात्यावरून ठरलेले असते. त्या खोलीत तसे काही ठरलेले नव्हते. तेथे कर्ता वाक्यातच असावा लागतो.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण ती समजल्यावर विद्यार्थिनीला फार बरे वाटले. तिची चूक जर्मन भाषेला अगदीच परकी नव्हती. एकोणिसाव्या शतकात जर्मन घरांतील नोकर आपल्या मालकिणीबद्दल ‘बाईसाहेब बाहेर गेल्या आहेत’ याच धर्तीवर, एकवचनी कर्त्याला अनेकवचनी क्रियापद लावून बोलत. आदरार्थी ‘झी’ मुळात तृतीयपुरुषी अनेकवचनातूनच आलेले आहे. म्हणजे ही रीत तेथेही होती; पुढे ती मालक-नोकराच्या संबंधाबरोबर मागे पडली आणि आता फक्त जुन्या नाटकांतून उरली आहे.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख आणि प्रशिक्षण देणाऱ्या वरिष्ठ परिचारिका, म्हणजे ‘प्राक्सिसआन्लायटरिन’, यांनी तिला बोलावले. घटना घडल्यावर लगेच बसून तिचा विचार करायचा, ही त्यांची रीत. तिला मात्र ती चौकशी वाटली. विभागप्रमुखांनी विचारले, ‘तू दुपारच्या पाळीला हे सांगितलं नाहीस का?’ जर्मनमध्ये अशा नकारार्थी प्रश्नाला, उत्तर होकारार्थी असेल तर, ‘या’, म्हणजे ‘हो’, म्हणत नाहीत. ‘दोख’ म्हणतात. ‘दोख’ म्हणजे आपले ‘सांगितलं की!’ मराठीतील हा ‘की’ अगदी तेच काम करतो: समोरच्याने नाकारलेली गोष्ट ठामपणे परत उभी करतो. तिला ‘दोख’ ठाऊक होते. नंतर फोनवर ती मला म्हणाली, ‘मॅडम, एवढ्या मोठ्या बाईंना तोंडावर सांगितलं की, असं कसं म्हणणार? आमच्या घरी याला उलट उत्तर म्हणतात.’ म्हणून ती हळूच ‘या’ म्हणाली, खाली बघितले आणि गप्प बसली. ‘या’चा अर्थ तेथे ‘हो, नाही सांगितले’ असा झाला. नजर खाली जाणे आणि गप्प बसणे, ज्याला आपण मोठ्यांसमोरची मर्यादा म्हणतो, ते कबुलीचे किंवा बेफिकिरीचे लक्षण ठरले. बैठकीच्या टिपणात नोंद झाली की सूचना दिली गेली नाही.

निष्कर्ष काढण्यात संस्थेनेही घाई केली, असे माझे मत आहे. तिचे जर्मन अजून कच्चे आहे, स्थानिक श्वेबिश बोली तिला समजत नाही, तेव्हा तिला आणखी एका भाषावर्गाला घालावे, असे ठरले. श्वेबिश अवघड आहे यात शंका नाही. ‘आम्हांला सगळे येते, फक्त प्रमाण जर्मन सोडून’ ही तर या राज्याने १९९९ पासून अनेक वर्षे स्वतःच्या जाहिरातीसाठी अभिमानाने मिरवलेली घोषणा. पण या प्रकरणात तिला ऐकू आलेले काहीच चुकले नव्हते. तिचे इतरांना ऐकू आलेले चुकले होते. दुसरा वर्ग लावला असता तर तेथे तिला आणखी सफाईदार संकेतार्थ शिकवला गेला असता, हे मी माझ्याच व्यवसायाबद्दल खेदाने म्हणते.

तिसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन आला. ती रडत होती आणि परत यायचे म्हणत होती. तिला समजावण्याऐवजी मी तिला एक काम दिले, आणि ते सुचले याचे मला आजही समाधान आहे: त्या वीस मिनिटांत तू जे बोललीस ते शब्दाला शब्द जर्मनमध्ये लिहून पाठव. अर्ध्या तासात अकरा वाक्ये आली. नवव्या वाक्यावर मी थांबले. मी विचारले, ‘इथे झी म्हणजे कोण?’

‘आजी, मॅडम. बारा नंबरच्या.’

‘मग हाबन का?’

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग ती म्हणाली, ‘अहो, त्या नव्वद वर्षांच्या आहेत.’

या उत्तराइतके प्रामाणिक उत्तर माझ्या वीस वर्षांच्या शिकवण्यात मला क्वचितच मिळाले आहे. त्या रात्री आम्ही व्याकरण केले नाही. तिने तेथील लोकांना हे कसे सांगायचे, एवढेच ठरवले. मी तिला दोन वाक्ये लिहून दिली नाहीत; तिनेच ती केली. पहिले: मी सूचना दिली होती, परंतु माझे वाक्य संदिग्ध होते. दुसरे: ते संदिग्ध का झाले, हे मला तुम्हांला दाखवायचे आहे. ‘दोख’ म्हणण्याचे धाडस तिला अजून नव्हते, पण ही दोन वाक्ये मिळून एक लांबलचक ‘दोख’च होती.

प्रशिक्षक परिचारिकेने तिचे म्हणणे ऐकून घेतले, मराठीतील ‘आली’ आणि ‘आल्या’ कागदावर लिहून मागितले आणि काही वेळ ते पाहिले. ‘वाईट वाटून घेऊ नकोस’ वगैरे त्या काही बोलल्या नाहीत, याचे विद्यार्थिनीला त्या दिवशी दुःख झाले. त्या म्हणाल्या, ‘हे सांगितलंस ते बरं केलंस. आता तीच माहिती मला पुन्हा दे. नावासकट, वेळेसकट.’ आणि त्यांनी तिच्याकडून ती सहा-सात वेळा म्हणवून घेतली. दुसऱ्या आठवड्यात बैठकीच्या टिपणातील नोंद दुरुस्त झाली. जी माणसे दिलासा शब्दांत देत नाहीत ती कागद दुरुस्त करून देतात, हे तिला कळायला थोडा वेळ लागला. मला स्वतःला, तरुणपणी तेथे शिकत असताना, त्याहून अधिक लागला होता.

बदल तिच्याच बाजूने झाला असता तर हे प्रकरण मला अपुरे वाटले असते. सर्वनामांवर विसंबायचे नाही, प्रत्येक सूचनेत आडनाव आणि काम करणाऱ्याचे नाव घ्यायचे, आणि ऐकणाऱ्याने ते एका वाक्यात परत म्हणून दाखवायचे, असा नियम त्या मजल्यावर सर्वांसाठी लागू झाला. तो लागू करताना दुसरी एक गोष्ट वर आली. घाईत काही कर्मचारी वृद्धांचा उल्लेख खोलीच्या क्रमांकाने करत: ‘बारा’ने जेवण परत पाठवले, ‘चौदा’ झोपली आहे. विद्यार्थिनीला हे पहिल्या दिवसापासून टोचत होते आणि ती ते बोलली नव्हती. आता विचारल्यावर तिने ते सांगितले. आडनावे घ्यायला लावणारी संस्था, आजी म्हणू न देणारी संस्था, आणि तिच्याच बैठकीत माणसाचा आकडा होतो, हे ऐकून खोलीत शांतता पसरली, असे तिने मला सांगितले. परिचर्येच्या जर्मन पाठ्यक्रमातही आकड्याने उल्लेख करणे अयोग्यच मानले आहे. पण ते तेथे कोणीतरी मोठ्याने म्हणावे लागले.

माझ्या वर्गात काय बदलले, तेही सांगायला हवे. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-टू परीक्षेच्या संभाषण विभागात एक लहानसे भाषण आणि एक चर्चा असते. दोन्हींत विद्यार्थी समोरच्याशी बोलतो किंवा विषयाबद्दल बोलतो. गैरहजर माणसाची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवण्याचा प्रसंग त्यात येत नाही. म्हणून परिचर्येसाठी जाणाऱ्यांच्या तुकडीत मी आता सुरुवातीलाच एक सराव घेते. विद्यार्थ्याने आधी मराठीत, आपल्या शेजारच्या आजींना दिवसभरात काय हवे-नको ते सांगायचे. मग तेच जर्मनमध्ये, मध्येच मी फोनची घंटी वाजवून अडथळा आणते, आणि शेवटी ऐकणाऱ्याने कोणी काय करायचे ते लिहायचे. पहिल्या खेपेला जवळजवळ प्रत्येकाचे ‘झी हाबन’ होते. चूक म्हणून मी त्यावर लाल रेघ मारत नाही. त्यांना मराठी वाक्याशेजारी ते ठेवायला सांगते, म्हणजे आदर कुठून आला आणि कुठे सांडला ते दिसते. ‘दोख’चा सराव मात्र मी उभे राहून, मोठ्या आवाजात, माझ्याविरुद्ध करून घेते. ‘तू गृहपाठ केला नाहीस!’ ‘दोख!’ मुलींना तो सर्वांत जड जातो.

संस्कृतींमधील संवाद म्हणून जे शिकवले जाते त्यात हस्तांदोलन, वक्तशीरपणा, कचऱ्याचे वर्गीकरण, रविवारची शांतता यांच्या याद्या असतात. त्या निरुपयोगी नाहीत. ही मुलगी त्या सगळ्यांत उत्तम होती. तिला अडवले ते क्रियापदाच्या प्रत्ययाने आणि एका अव्ययाने, ज्यांना आम्ही व्याकरण म्हणून वेगळ्या तासाला ठेवले होते.

ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. बारा नंबरच्या आजी मागच्या हिवाळ्यात वारल्या. शेवटच्या रात्री तिची पाळी होती. त्याबद्दल तिने मला फोन केला तेव्हा, सवयीप्रमाणे, तिने रात्रीच्या नोंदीचा मजकूर आधी जर्मनमध्ये वाचून दाखवला. आडनाव, वेळ, आणि सगळीकडे एकवचन, ‘झी हाट’, ‘झी इस्ट’. विभागप्रमुख बाईंना तिने रात्रीच फोन केला होता, आणि ‘दू’ म्हणत ‘तू येशील का’ असे सरळ विचारले होते. मग ती मराठीत सांगू लागली. ‘बाई लगेच आल्या, मॅडम. त्या आजींपाशी बसल्या. आजी शांत होत्या. त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं, आणि त्या प्यायल्या.’